टेकडीवरची बस

भांडुपच्या टेकडीवर जाणाऱ्या बसमध्ये एक मुलगी पुढच्या सीटवर बसून चढणारी माणसं मोजत होती. वनमालाबाईंना तिचा लगेच संशय आला. पलीकडच्या वस्तीतल्या बसमधली माणसंही अशीच कुणीतरी मोजली होती आणि महिन्याभरात ती बस बंद झाली होती. ही बस गेली तर नवऱ्याला डायलिसिसला न्यायचं कसं? रिक्षावाले तो चढ बघूनच मान हलवतात.

त्याच संध्याकाळी वनमालाबाईंचा चाळीत घरोघरी निरोप गेला: उद्या बस भरलेली दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी अख्खी चाळ बसने स्टेशनला उतरत होती आणि लगेच वर येत होती.

“वहिनी, माझी तिसरी फेरी आहे. आता चहा तरी पाजा,” शेजारचा राजाराम कुरकुरला.

“हळू बोल रे! ती ऐकतेय.”

मुलीने खरंच मान वर केली. “काकू, हे काका मघाशीही होते ना?”

“तो ह्याचा जुळा भाऊ गं,” वनमालाबाईंनी ठोकून दिलं.

मुलीने राजारामकडे रोखून पाहिलं, पण मोबाइलवर एक माणूस वाढवला. चाळीसमोर बस थांबली, तेव्हा वनमालाबाईंना राहवलं नाही. “काय गं, आता तरी आमची बस बंद नाही ना होणार?”

“बंद? छे! एवढी माणसं निघाली म्हटल्यावर रस्ता रुंद करून मोठ्या बस सोडतील,” मुलगी म्हणाली आणि तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं.



“ही चाळ तेवढी पाडावी लागेल.”