गॅस नवऱ्याच्या नावावर

या जन्मी त्या माणसाचा आवाज ऐकणार नाही, अशी भीष्मप्रतिज्ञा मंदाकिनीनं नवऱ्याला घराबाहेर काढताना केली होती. ती सिलिंडर संपेपर्यंत टिकली. गॅस अजून त्याच्याच नावावर होता, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर जायचा.

सिलिंडरवाल्याला दारात थांबवून तिनं फोन लावला.

‘आकडा सांगतो,’ तो म्हणाला. ‘पण परत येऊ का? आता हात नाही उगारणार.’

ती वाकडं जुळलेलं मनगट चोळत राहिली. राग आला नाही, रडूही नाही. एकटीपुरतं शिजवून कंटाळलेली ती ‘ये’ म्हणणारच होती.

‘गप्प आहेस, म्हणजे येतोच रविवारी. मटण कर. मागच्यासारखं अळणी नको.’

मनगट त्या अळणी मटणापायीच मोडलं होतं. तिनं फोन ठेवला.

‘दादा, सिलिंडर परत न्या. नाव बदलायचा फॉर्म तेवढा आणून द्या.’