शेवटचं कोण?

वडा घेऊन आलेल्या जैतूनसमोर अन्निका मॅडमनी हात आडवा केला. मॅडम म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खलीलच्या, कतारमधल्या लुसैलच्या ऑफिसातल्या स्वीडिश साहेबीणबाई. पाहुणा एकदाच वाढून घेऊन उठला, तर रत्नागिरीला माहेरी वर्षभर तीच चर्चा! पहाटेपासून मुऐदरच्या या घरात ती मटणाशी झटत होती, ती काय यासाठी?

"लागोम," मॅडम हसून म्हणाल्या.

"काय म्हणतेय ही? मीठ कमी पडलं काय?" जैतूनने दबक्या आवाजात नवऱ्याला विचारलं.

खलीलने इंग्रजीत विचारलं, मराठीत सांगितलं. बिचाऱ्याला दोन्हीकडून घाम फुटला होता. "स्वीडिश शब्द आहे. कमी नाही, जास्त नाही, बेताचं. जुन्या काळी म्हणे पेयाने भरलेलं एकच शिंग सगळ्यांत फिरायचं. ज्याने त्याने एवढंच प्यायचं, की शेवटच्यापर्यंत पोचलं पाहिजे. पण ही गोष्ट रचलेली, म्हणतात. जाणकारांच्या मते शब्द कायद्यावरून आलाय. लोकांना मात्र शिंगाचीच गोष्ट आवडते."

"कायदा होय!" जैतूनला एकदम जोर आला. "मग सांगा तिला, ह्या घरात कायदा माझा."

तिने मॅडमचा हात बाजूला सारला आणि ताटात वडा ठेवला. वड्यामागे मटण, मटणामागे तांदळाची सांदणं. मॅडम "खलास, खलास!" म्हणजे 'पुरे, पुरे' असं अरबीत ओरडल्या, तरी जैतून कसली ऐकतेय! पातेलं पुसून निघालं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी त्या रिकाम्या पातेल्यात डोकावून पाहिलं, मग जैतूनकडे पाहिलं आणि खलीलला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, शेवटचं कोण?" खलील म्हणाला आणि स्वतःच चपापला. "अगं, तू जेवलीस?"

"माझं काय, मी बघीन मागाहून."

मॅडम उठल्या. आतून थाळी आणली, शेजारी मांडली आणि आपल्या ताटातल्या हात न लावलेल्या सांदणांपैकी दोन तिच्यात ठेवली. जैतून अवघडून बसली. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

मॅडमनी आणखी एक सांदण उचललं. जैतूनने घाईघाईने थाळीवर हात आडवा धरला. "बस्स, बस्स. लागोम!"

मॅडमनी तो हात बाजूला सारला.