चुकांची वही

देवस्थळी बाईंच्या विज्ञानाच्या शिकवणीला आत शिरताना कानातला 'सोबती' हा एआय मदतनीस दाराजवळच्या डब्यात काढून ठेवावा लागे. शर्वाणीने लेकीचा काढला, तशी अकरा वर्षांची नीरजा रडवेली झाली. प्रश्न तोंडातून पुरता निघायच्या आत सोबती उत्तर सांगून मोकळा व्हायचा. दोन वर्षांत पोरीने प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं.

बाईंनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला पुढे ठेवला. त्यात बर्फाचा खडा तरंगत होता.

"हा वितळला की पाणी सांडेल का गं?"

"चुकलं तर?"

"तर या चुकांच्या वहीत लिहायचं आणि खाली झोकात सही ठोकायची. पहिलं पान माझंच आहे."

"सांडेल," नीरजा पुटपुटली.

बर्फ वितळेपर्यंत बाई निवांत शेंगा सोलत बसल्या. थेंबभरही पाणी सांडलं नाही. नीरजाने वहीत चूक लिहिली, सही केली आणि एकदम मान वर केली.

"पण का नाही सांडलं?"

दाराशी उभ्या शर्वाणीने दोन वर्षांनी लेकीचा 'का' ऐकला.

"शोध आणि उद्या मला सांग," बाई म्हणाल्या.

निघताना शर्वाणीने सोबती पुढे केला. नीरजाने तो दप्तराच्या तळाशी टाकला.

"आत्ता नको, आई. हा लगेच सांगून टाकेल."