घरचं गिऱ्हाईक

"मॅडम, पोरांना घरच्या माणसाला गिऱ्हाईक करू देऊ नका. घरचं माणूस तोंडावर खरं सांगत नाही," निवृत्तीला आलेल्या सरांनी सत्राच्या सुरुवातीलाच बजावलं होतं.

मॅडमनी ते हसण्यावारी नेलं होतं. "पहिल्या चाचणीला चालतं हो, सर. अनोळखी माणसांच्या मागे फिरण्यातच पोरांचं सत्र संपेल."

आता सत्र खरंच संपत आलं होतं. वेळापत्रकात 'तंत्रज्ञान उद्योजकता' असं भारदस्त नाव, मुलांच्या तोंडी नुसता 'धंद्याचा तास'. प्रयोगशाळेतली टेबलं भिंतीला सरकवून सगळे दाटीवाटीने बसले होते. पडद्यावर एका फ्रिजचा फोटो आणि त्याच्याखाली हिरव्या ठिपक्यांची रांग. समोर उभी होती ती मुलगी, जिला अख्खा वर्ग सीईओ म्हणतो. शेजारी तिचा जोडीदार, वायरमन. त्याच्या बोटांना कायम कुठला ना कुठला चटका बसलेला.

"एकटं राहणारं माणूस सकाळी उठून फ्रिज उघडतंच," सीईओ सांगत होती. "दाराला आमची ही डबी चिकटवायची. दार उघडलं, की घरच्यांच्या फोनवर हिरवा ठिपका. नऊपर्यंत उघडलं नाही, तर लाल. म्हाताऱ्या माणसाला काही शिकायला नको, काही लक्षात ठेवायला नको."

"आणि ज्याच्याकडे फ्रिजच नाही, त्याचं काय?" मागून कुणीतरी खडा टाकला.

"त्याच्यासाठी तुझ्या तोंडाला लावू," वायरमन म्हणाला. "ते कधी बंदच नसतं."

हशा ओसरल्यावर सीईओने पुढचं चित्र लावलं. "चाचणी माझ्या आत्याकडे केली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. डबी लावल्यापासून एकदाही लाल नाही. आधी मी तिला रोज फोन करायचे. आता करावाच लागत नाही. काळजी मिटली, हेच आमचं यश."

मॅडमनी मान डोलावली. परवा बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर याच गटाला उभं करायचं, हे मनात पक्कं झालं होतं. फक्त या वर्गाचा रिवाज तेवढा उरला होता. प्रत्येक गटाने सगळ्यांसमोर आपल्या एका गिऱ्हाइकाला फोन लावायचा, स्पीकरवर. आवडलं का, असं विचारायचं नाही. आज काय केलंत, एवढंच विचारायचं.

फोन बराच वेळ वाजत राहिला.

"अगं, ठिपका नाही का आला?" आत्याने उचलल्या उचलल्या विचारलं. "उघडलं होतं मी दार. शप्पथ!"

"आला गं, आत्या. हिरवाच आहे. तू स्पीकरवर आहेस, अख्खा वर्ग ऐकतोय."

"अगोबाई! मग छानच आहे हो यंत्र. हुशार आहे आमची पोर."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम फोनकडे वाकल्या. "ताई, मी हिची शिक्षिका. आज फ्रिजमधून काय काढलंत?"

"काढलं असं नाही काही. उघडलं आणि लावलं."

"आणि काल?"

"कालही तसंच. आत आहे काय काढायला?" आत्या हसली. "न्हाणीघरात पाय सरकला ना माझा. घोटा टम्म सुजलाय, जिना उतरवत नाही. शेजारचेही बाहेरगावी. सकाळी भिंत धरधरून फ्रिजपर्यंत जाते आणि परत येऊन पडते."

"आत्या!" सीईओचा आवाज चिरकला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, परीक्षक येईपर्यंत एकही लाल नको? म्हटलं, पोरीची मेहनत माझ्या पायापायी वाया जायला नको. परवाच आहे ना तुझं? तोवर निभेल गं. बिस्किटं आहेत."

हसणारी मुलं आता खाली बघत होती. वायरमन मात्र पडद्याकडेच पाहत पुटपुटला, "पण डेटा बरोबर होता, मॅडम. दार उघडतच होतं."

"बरोबरच होता," मॅडम म्हणाल्या. "तुझी गाडी आहे ना? हिला घेऊन जा. वाटेत दूध घ्या, फळं घ्या. आणि पोचल्या पोचल्या आधी डॉक्टर."

"आणि प्रेझेंटेशन..." सीईओच्या तोंडून निसटलं आणि तिने जीभ चावली. ती तशीच पळाली. लॅपटॉप, दप्तर, सगळं टेबलावर टाकून.

वर्ग रिकामा झाला. मॅडमनी पर्समधला फोन काढला. घरी लावलेल्या कॅमेऱ्यातून त्यात पाळणा दिसत होता. बाळ कुशीवर निजलेलं, पांघरूण नीट. तरी त्यांनी सासूबाईंना फोन लावला.

"आई, त्याच्या अंगाला जरा हात लावून बघता?"

"अगं, नुकता कुठे झोपलाय. तुला दिसत नाही का त्यात?"

"दिसतंय. तरी बघा."

पडद्यावरचे ठिपके अजून तसेच होते, एकसारखे हिरवे.

आता तुम्हीही एक करा. तुमच्या जिन्यात, वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावर, कुणीतरी एकटं राहत असेल. बरंच चाललं असेल त्यांचं, असं तुम्ही धरून चालला असाल. जाऊन बेल वाजवा. दार उघडायला वेळ लागेल. थांबा.