काविळीचं नाव

डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ वाढत वाढत भागीरथाच्या गळ्यात उतरली, तेव्हा वैदू बजावून गेला होता, “कावीळ गेली. तिचं नाव कदी घेऊ नको, नाई तं परत येईन.” भागीरथानं ते सात वर्षं पाळलं. पुढं संधिवातानं बोटं आखडली, कापूस वेचवेना. आदिलाबादच्या डॉक्टरनं गोळ्या लिहिण्याआधी विचारलं, “कावीळ झाली होती का?” तिनं ओठ मिटून नकारार्थी मान हलवली. गोळ्यांनी बोटं मोकळी झाली. चौथ्या महिन्यात डोळे पिवळे पडले. रक्त तपासून डॉक्टर हादरला. “जुनी कावीळ लिव्हरमध्ये झोपून होती, माय. गोळ्यांनी अंगाची राखण ढिली केली अन् ती उठली. आता जिवावर बेतलंय. तेव्हा काऊन नाही सांगितलं?” भागीरथा भांबावली. हात गळ्याशी गेला. “मी तं एकदाबी नाव नाई घेतलं. मंग तिले उठवलं कोनं?”