सुपातला हात

यल्लव्वा शिंकली ती थेट सुपावर.

तानूबाईनं सूप मागं ओढलं, पण उशीर झाला होता. तिच्या तपकिरीचा फवारा कोवळ्या दाण्यांवर बसलाच असणार. यल्लव्वानं हातानं नाक पुसलं, हात लुगड्याला पुसला आणि तोच हात पुन्हा सुपात घातला.

"काढ तो हात! जनावरं बरी गं तुझ्यापरीस."

"शिंक काय विचारून येते का अक्का?" यल्लव्वा हसली आणि नाक वर ओढलं. तो ओला आवाज ऐकला की तानूबाई तोंड फिरवायची.

थंडी पडून पावट्यासारख्या अवरेच्या शेंगा आल्या की तानूबाई उन्हात ओट्यावर बसायची. गाव कानडी मुलखातलं, येलहंक्याच्या पलीकडचं. विजेचे खांब उभे राहिले होते, दिवे अजून यायचे होते. घरातली तिची कामं मात्र एकेक करून गेली होती. दूध उतू गेलं, तेव्हा चूल गेली. भातात खडा लागला, तेव्हा तांदूळ निवडणं गेलं. सून अंबू वाकडं बोलायची नाही; हातातली वस्तू नुसती काढून घ्यायची. शेंगा तेवढ्या उरल्या होत्या. अंगठ्यानं शिवण दाबली की शेंग टचकन उघडते, दाणे सुपात पडतात, बोटांना तेलकट वास लागतो. रात्री निजताना ती बोटं हुंगायची. आजचा दिवस फुकट गेला नाही, एवढं तिला त्या वासावरून कळायचं.

आणि या सुखात ही शेजारीण. बेळगावकडची, पुतण्याच्या आसऱ्याला आलेली. रोज न बोलावता येऊन बसायची. सोलायची एक शेंग नाही, नुसती सुपात बोटं फिरवायची. मध्येच काही उचलून ओट्याखाली टाकायची आणि खाली कोंबड्यांची झोंबी लागायची. दाणे चाखून टाकते की काय कोण जाणे. त्या बोटांची घाण सारात उतरते आणि आपण ते भुरकतो, हे मनात आलं की तानूबाईला घास जायचा नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "आजपासून माझ्या ओट्यावर पाय ठेवू नकोस. तुझ्या शेंबडाचं सारू खायची पाळी आली माझ्यावर."

यल्लव्वा हसायची थांबली. गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सरी अक्का, जाते. पण शेंगा स्वल्प सावकाश सोल हं."

"तू शिकवणार मला?"

यल्लव्वा गेली. तानूबाईनं ते दाणे तीन पाण्यांनी धुतले, तरी समाधान होईना. शेवटी म्हशीपुढे ओतले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसली. शिंक नाही, सुरसुर नाही. हात झपाझप चालला. ओट्याखाली कोंबड्या आल्या, थोडा वेळ माना वाकड्या करून बघत राहिल्या आणि निघून गेल्या. या हंगामातलं पहिलं स्वच्छ सूप तिनं अंबूच्या हातात दिलं.

मालोजी, तिचा मुलगा, भाजी घेऊन पहाटेच यशवंतपूरच्या बाजाराला गेला होता. अंबूनं सासूला आधी वाढलं. रागीचा गरम मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, त्यावर अवरेचं सारू. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. पण दाणे तानूबाई चावून खायची. उरल्यासुरल्या दाढांखाली एकेक दाणा फोडायला तिला आवडायचं.

एक फोडला. दुसरा फोडला. त्यानंतर दाढेखाली आलं तो दाणा नव्हता. दाण्यात पीठ असतं. यात पीठ नव्हतं. मऊ कातडी फुटली आणि जिभेवर कडवट पाणी पसरलं.

डोळ्यांना जे कळलं नव्हतं ते जिभेला कळलं. शेंगेतली अळी. हिरवी, दाण्याच्या रंगाची, दाण्यासारखीच वेटोळं करून बसणारी. यल्लव्वाची बोटं रोज सुपात काय शोधत होती, तेही कळलं. आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता तिनं. तानूबाईलासुद्धा.

तिला उमासा आला. अंबू चटकन वळली.

"काय झालं आत्याबाई? सारात काही निघालं?" तिनं पळी खाली ठेवली. "निघालं असेल तर सांगा. उद्यापासून शेंगासुद्धा मीच..."

"जीभ चावली गं," तानूबाई म्हणाली आणि गिळलं.

अंबूनं आपलं ताट पुढं ओढलं. तानूबाईनं हात आडवा घातला.

"थांब. ते सगळं सारू मला वाढ."

"सगळं? आणि यांना संध्याकाळी?"

"त्याला चटणी वाट. मला भूक आहे म्हणते ना."

अंबूनं भांडंच तिच्यापुढं सरकवलं. तानूबाई मुद्द्याचे गोळे करी, सारात बुडवी, वर दाणे घेई आणि न चावता गिळी. काही मऊ लागलं की डोळे मिटी. घसा उलटून यायचा, ती पाण्याच्या घोटानं तो खाली दाबायची. सारू हनुवटीवरून ओघळून लुगड्यावर पडत होतं. अंबूनं नाकाला पदर लावला आणि तोंड फिरवलं.

"या वयात ही हाव," ती पुटपुटली. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतकं.

तानूबाईनं बोटांनी भांडं निपटून घेतलं. तळाला काही राहिलं नाही याची खात्री केली. मग भिंतीला टेकून दम खाल्ला.

"अंबू, उद्याची शेंगांची टोपली यल्लव्वाच्या ओट्यावर नेऊन ठेव. मी तिथं बसून सोलीन."

"त्या शेंबडीच्या दारात? तुम्ही जाऊन बसणार?"

"हो," तानूबाई म्हणाली. "तिनं बसू दिलं तर."