शहाण्या मुलीची आई

मनातल्या मनात एक ओसरी उभी कर, बाळ. आळंद गावातली, मठाच्या कडेची. बालवर्गातली पोरं तिथं रांगेत बसली आहेत. गूळ-शेंगदाण्यांची परात आली आहे. कुणी शेजाऱ्याला ढकलतंय, कुणाचं नाक गळतंय, कुणी उगाचच किंचाळतंय. आणि या गोंगाटात भिंतीला पाठ लावून एक मुलगी बसली आहे. सहा वर्षांची. तिचा आवाज अजून कुणी नीट ऐकलेला नाही. दिसली? ती नीलम्मा.

सुमतीबाईंना ही मुलगी फार आवडायची. निजामी नुकतीच गेली होती आणि बाईंनी गावात हा वर्ग नव्यानं काढला होता. मारल्याशिवाय पोरं वाढवता येतात, एवढंच त्यांना गावाला पटवायचं होतं. गाव हसत होतं.

सगळ्यांत जास्त हसायची अन्नपूर्णा. तिचा प्राणेश वर्गात आला की बाई आधी त्याचा सदरा वर करून पाठ बघायच्या. आजचे वळ ताजे होते.

"कामून मारलंस गं एवढं?"

"मग काय आरती ओवाळू?" कडेवरच्या तान्ह्याला सावरत अन्नपूर्णा म्हणाली. "दुधाची चरवी लवंडली कार्ट्यानं. तुमचं बरं हाय बाई, सकाळचं सांभाळायचं अन् सोडून द्यायचं. एक दिवस घरी न्या, मंग बोला."

"आणि नीलम्मा? तिच्या अंगावर कधी ओरखडा तरी दिसलाय?"

अन्नपूर्णानं तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते खरंच होतं. परवाच नीलम्मा पायरीवरून पडली, गुडघा फुटला. बाईंनी हळद दाबली तेव्हा तिनं परकराचा काठ दातांत धरला. डोळे भरले, पण तोंडातून हूं की चूं नाही. "रड की गं थोडं," बाई म्हणाल्या. तिनं नुसती मान हलवली.

"असं करा," अन्नपूर्णा म्हणाली. "तिची आई काय करती ते त्या आईच्याच तोंडून सगळ्यांसमोर ऐकू द्या. पटलं तर छडी चुलीत घालते. न्हाई पटलं तर उद्यापासून प्राणेश घरी."

प्राणेश सदरा खाली ओढत दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

बाई त्याच दुपारी धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत गेल्या. नीलम्माचा बाप काशप्पा मोंढ्यात पोती उचलायचा. आई बसम्मा दारात तूर पाखडत होती. घर सुनंसुनं होतं. नीलम्माच्या पाठीवर एक भाऊ झाला होता. रझाकारीच्या साली घोडेस्वार रझाकार आले आणि सगळं गाव ज्वारीत लपलं, तेव्हा रानातच तो तापानं गेला. नीलम्माचं नाव वर्गात घालायला आला तेव्हा काशप्पानं हे सांगितलं होतं.

"मला चारचौघींत बोलता येत न्हाई, बाई," बसम्मा म्हणाली.

"बायकाच आहेत सगळ्या. तुमच्या एका शब्दानं एका पोराची पाठ वाचेल."

"तिचं शहाणपण माझं न्हाई."

"आईचं नाही तर कुणाचं?"

बसम्मानं सूप खाली ठेवलं. तुरीतले दोन खडे बोटांनी बाजूला केले.

"येते," ती म्हणाली. "पर नीलीला समोर बसवू नका."

लेकराला दृष्ट लागेल म्हणून म्हणत असेल, असं बाईंना वाटलं.

अमावास्येला मोंढा बंद असतो, बायकांना थोडी उसंत असते. त्या दिवशी ओसरी भरली. बाईंनी नीलम्माला सगळ्यांत मागं, खांबाआड बसवलं. अन्नपूर्णा पुढंच बसली होती. तान्हं तिनं बाजूला सतरंजीवर निजवलं होतं.

"सांगा, बसम्मा," बाई म्हणाल्या. "या मुलीला तुम्ही वळण कसं लावलंत?"

"मी कायबी केलं न्हाई."

"असं कसं? काहीतरी केलं असेलच की."

बसम्मा पदराचं टोक पिळत होती.

"एकदाच गप केलं व्हतं," ती म्हणाली. "तेवढ्यानं झालं."

"घ्या!" अन्नपूर्णानं मांडीवर हात मारला. "म्हणजे एकच द्यायची, पर जोरात. बाई, आम्ही रोज मारून चुकलाव म्हणा की!"

ओसरी हसली. प्राणेश आईपासून हातभर सरकला. बाईंचं तोंड उतरलं. हातातोंडाशी आलेला घास निसटत होता.

तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या. टांगेवाले घोडी मोकळी करून तळ्यावर पाणी पाजायला पळवत नेत होते. ओसरीखालची वाट दणाणली. तान्हं दचकून उठलं आणि गळा काढून रडायला लागलं.

खांबाआडून नीलम्मा उठली. बायकांच्या मधून वाट काढत, कुणाला धक्का न लावता ती सतरंजीपाशी आली, गुडघे टेकून बसली आणि तान्ह्यावर वाकली. रडणं थांबलं.

"बघा, पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळतंय," अन्नपूर्णा हसत म्हणाली.

बाईही कौतुकानं वळल्या. तान्ह्याचे पाय सतरंजीवर आपटत होते. बसम्मा उभी राहिली होती.

परकराचा बोळा तान्ह्याच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरत नीलम्मानं आईकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "ते गेले का गं, अव्वा? या खेपेला लवकर सोडू?"